युरोव्हिजनचा विजेता नेमका कोण ठरवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोव्हिजन या युरोपातील देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेत 2025 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे प्रेक्षकांनी सर्वाधिक गुण इस्रायलला दिले, तरी विजेत्याचा करंडक, म्हणजे काचेचा मायक्रोफोन, ऑस्ट्रियाने नेला. 2024 मध्ये प्रेक्षकांचा कौल क्रोएशियाला होता आणि जिंकले स्वित्झर्लंड. 2023 मध्ये कौल फिनलंडला होता आणि जिंकले स्वीडन. मग प्रेक्षकांचे मतदान हा नुसता देखावा आहे का, परीक्षकांची मनमानी चालते का, की शेजारी देश आपसात गुण वाटून घेतात आणि गाण्याला फारसा अर्थच उरत नाही? आणि या सगळ्यात भारत कुठे आहे?

मी व्यवसायाने संगीत संयोजक आहे आणि दूरचित्रवाणीवरील तसेच महाविद्यालयीन गायनस्पर्धांत परीक्षक म्हणून बसत आलो आहे. त्या नजरेने पाहिले, तर शेजारधर्मही दिसतो आणि राजकारणही दिसते. परंतु निकालाचा मोठा भाग गुण मोजण्याच्या पद्धतीतून उलगडतो. कागदावर परीक्षक आणि प्रेक्षक यांचा वाटा निम्मा-निम्मा असला, तरी प्रत्यक्षात ज्या बाजूचे आपसात अधिक एकमत होते, तिचे पारडे जड ठरते. हे कसे घडते ते आधी पाहू.

अंतिम फेरीत प्रत्येक देशाकडे गुणांचे दोन संच असतात, एक परीक्षक मंडळाचा आणि दुसरा प्रेक्षकांच्या मतांचा. प्रत्येक संचात पहिल्या क्रमांकाच्या गाण्याला 12, दुसऱ्याला 10 आणि पुढच्या आठ गाण्यांना 8 पासून 1 पर्यंत गुण मिळतात. त्यांची बेरीज 58 होते. जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींच्या वर आहे आणि सॅन मारिनोची सुमारे चौतीस हजार, पण दोघांच्या हातात गुण तेवढेच. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, आणि मत कोणत्या देशाच्या खात्यात जमा व्हायचे हे नागरिकत्वावरून नव्हे, तर फोन कोणत्या देशाच्या जाळ्यावर आहे यावरून ठरते. म्हणजे म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे मत जर्मनीच्या खात्यात जाते. 2023 पासून सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांची ऑनलाइन मते एकत्र करून प्रेक्षकांचा आणखी एक संच केला जातो आणि त्याला एका देशाइतकेच वजन असते.

आपल्याकडच्या स्पर्धांशी असलेला फरक येथेच आहे. 2007 मध्ये इंडियन आयडलच्या तिसऱ्या पर्वात प्रशांत तमांग यांच्यासाठी दार्जिलिंग आणि सिक्कीममध्ये एसएमएसची मोहीम उभी राहिली, ती अनेकांना आठवत असेल. तेथे सारी मते एकाच हंड्यात पडत होती, त्यामुळे एका प्रदेशाने जिवाचे रान केले की पारडे फिरत असे. युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देशाचा हंडा वेगळा आहे आणि त्यातून एका गाण्याला प्रेक्षकांकडून मिळू शकणारे कमाल माप 12 आहे. कोणा देशाने लाख मते दिली काय किंवा कोटी दिली काय, 12 चे 13 होत नाहीत. एका प्रदेशाच्या प्रेमावर ही स्पर्धा जिंकता येत नाही; बहुतेक सगळ्या देशांतून गुण मिळवावे लागतात.

आता एकमताचा मुद्दा आकड्यांत पाहा. 2023 साली लिव्हरपूल येथे स्वीडनच्या लोरीनला परीक्षकांकडून 340 आणि प्रेक्षकांकडून 243 असे 583 गुण मिळाले. फिनलंडच्या कारियाला प्रेक्षकांकडून 376 मिळाले, पण परीक्षकांकडून फक्त 150, एकूण 526. प्रेक्षकांनी फिनलंडला 133 गुणांची आघाडी दिली आणि परीक्षकांनी स्वीडनला 190 ची. उरलेले 57 गुण म्हणजे तो निकाल. परीक्षकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरच्या गाण्याला 177 गुण होते, म्हणजे लोरीनच्या जवळपास निम्मेच. देशोदेशीचे व्यावसायिक गायक, संगीतकार, निर्माते बहुधा एकाच प्रकारच्या स्टुडिओत वाढलेले असतात, एकाच प्रकारच्या सफाईला दाद देतात आणि त्यामुळे त्यांचे गुण एकाच गाण्यावर गोळा होतात. प्रेक्षकांची आवड अनेकदा चार-पाच गाण्यांत विभागली जाते. 2025 मध्येही तेच झाले: ऑस्ट्रियाच्या जेजेला परीक्षकांचे 258 आणि प्रेक्षकांचे 178, तर इस्रायलला परीक्षकांचे 60 आणि प्रेक्षकांचे 297. बेरीज 436 विरुद्ध 357.

उलट उदाहरणही आहे, आणि ते विसरून केवळ परीक्षकांना दोष देणे योग्य होणार नाही. 2022 साली तुरिनमध्ये परीक्षकांच्या यादीत ब्रिटनचा सॅम रायडर 283 गुणांसह पहिला होता आणि युक्रेनच्या कलूश ऑर्केस्ट्राला 192 गुण होते. नंतर प्रेक्षकांचे गुण आले: युक्रेनला 439. त्या वर्षी मत देऊ शकणारे इतर देश 39 होते, म्हणजे कमाल गुण 468. युद्धाच्या सावलीतली सहानुभूती त्यामागे होती यात शंका नाही. पण ती सहानुभूती पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत एकाच वेळी उमटली, म्हणून ती गुणांत उतरली. त्या रात्री प्रेक्षकांत एकमत होते आणि परीक्षकांत नव्हते, एवढाच फरक.

दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याच यादीत पहिले न येता जिंकण्याचा प्रकारही झाला आहे. 2016 मध्ये स्टॉकहोमला परीक्षकांनी ऑस्ट्रेलियाला 320 गुण देऊन वर ठेवले, प्रेक्षकांनी रशियाला 361 देऊन. आणि दोन्हींकडे दुसरी असलेली युक्रेनची जमाला 534 गुणांनी जिंकली. ऑस्ट्रेलियाचे 511 झाले, रशियाचे 491. (ऑस्ट्रेलिया युरोपच्या स्पर्धेत कसा, असे विचारले जाईल. तेथील प्रेक्षक कित्येक वर्षे भल्या पहाटे उठून ही स्पर्धा पाहत आले. 2015 मध्ये त्यांना एका वर्षापुरते बोलावले आणि मग तो पाहुणा घरचाच झाला.)

या पद्धतीतला सर्वांत क्रूर भाग अकराव्या क्रमांकाचा आहे. एखाद्या देशात अकरावे आलेले गाणे आणि शेवटचे आलेले गाणे, दोघांनाही शून्यच. 2025 मध्ये यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मे हिच्या फ्रेंच गाण्याला परीक्षकांनी 214 गुण दिले, त्यांच्या यादीत ती दुसरी होती. प्रेक्षकांकडून तिला एकही गुण मिळाला नाही. सभागृहात तो शून्य जाहीर झाला, तेव्हा हे गाणे कोणालाच आवडले नाही असा समज पसरणे स्वाभाविक होते. पण मतदान करताना प्रेक्षक आपल्या आवडत्या गाण्यालाच मत देतो; चांगले वाटले पण सर्वांत आवडले नाही, अशा गाण्यासाठी कोणी पैसे खर्च करून मत पाठवत नाही. परीक्षकाला मात्र सगळी गाणी क्रमाने लावावी लागतात, म्हणून त्याच्या कागदावर अशा गाण्याला चौथा-पाचवा क्रमांक मिळतो. एक पद्धत आवडीची तीव्रता मोजते, दुसरी आवडीचा विस्तार. ज्या गाण्यावर निम्मे लोक फिदा होतात आणि निम्मे नाक मुरडतात, त्याला प्रेक्षकांचे मतदान तारते. जे सर्वांना बरे वाटते आणि कोणालाही वेड लावत नाही, त्याला परीक्षक तारतात.

ही व्यवस्था एका बैठकीत सुचलेली नाही. प्रत्येक वेळी काहीतरी बिघडले आणि मग नियम बदलला, असाच हिचा इतिहास आहे. 24 मे 1956 रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली स्पर्धा झाली तेव्हा सात देश होते, प्रत्येकाची दोन गाणी होती, परीक्षक गुप्तपणे मत देत होते आणि त्यांना स्वतःच्या देशालाही मत देण्याची मुभा होती. लक्झेंबर्गने परीक्षकच पाठवले नाहीत आणि त्यांच्या वतीने स्विस परीक्षकांनी मते दिली; जिंकले स्वित्झर्लंड. त्या दिवशीचे संपूर्ण गुण कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. 1969 मध्ये माद्रिदला स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांचे प्रत्येकी 18 गुण झाले, बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता, म्हणून चौघांनाही विजेते घोषित करावे लागले. नाराज झालेल्या काही देशांनी पुढच्या वर्षी पाठ फिरवली. 12 गुणांची आजची रीत 1975 ची. त्याआधीच्या वर्षी ब्रिटनमधील ब्रायटनला स्वीडनचा आब्बा हा गट जिंकला तेव्हा विजयाला 24 गुण पुरले होते, आणि त्यांत ब्रिटिश परीक्षकांचा एकही गुण नव्हता. पुढे ब्रिटनच आब्बाची मोठी बाजारपेठ झाला, ही गोष्ट परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

1997 मध्ये पाच देशांत प्रेक्षकांचे दूरध्वनी मतदान प्रायोगिकरीत्या सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी बहुतेक देशांनी ते स्वीकारले. दहा वर्षांत पश्चिम युरोपातून ओरड सुरू झाली की पूर्वेकडचे देश एकमेकांना निवडून देतात. बीबीसीचे दीर्घकाळचे समालोचक टेरी वोगन यांनी तर 2008 नंतर हे काम सोडून दिले. 2009 पासून अंतिम फेरीत परीक्षक परत आले. मधली काही वर्षे दोघांचे क्रम एकत्र करून प्रत्येक देशाचा एकच संच जाहीर होत असे आणि त्यातून विचित्र गोष्टी घडत. 2014 मध्ये ब्रिटनच्या प्रेक्षकांनी पोलंडला पहिला क्रमांक दिला, ब्रिटिश परीक्षकांनी शेवटचा. हिशेब होऊन पोलंडच्या पदरात ब्रिटनकडून शून्य पडले. 2016 पासून दोन्ही संच वेगळे ठेवले जातात ते याच कारणाने, आणि अर्थातच शेवटच्या क्षणापर्यंत उत्कंठा टिकते म्हणूनही. प्रक्षेपणाच्या दृष्टीने त्याच्याइतका उपयोगी नियम दुसरा नाही.

शेजारधर्माबद्दल. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बहुतेक वेळा भरघोस गुण देतात, सभागृह त्यावर हुर्यो करते आणि हा विनोद आता जुना झाला. उत्तरेचे देश आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून निघालेले देश यांच्यातही असा ओढा आहे. परंतु त्याला कट म्हणणे मला पटत नाही. सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया येथील लोक एकमेकांची भाषा समजतात, त्यांचे गायक सीमा ओलांडून मैफली करतात, रेडिओवर तीच गाणी वाजतात. ओळखीचा आवाज आणि ओळखीची लय यांना मत मिळणे हा संगीताचाच भाग आहे; बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याचा श्रोता मराठी गायकाकडे झुकतो तेव्हा आपण त्याला राजकारण म्हणत नाही. दुसऱ्या देशात स्थायिक झालेल्यांची मते हाही मोठा घटक आहे. मात्र शेजाऱ्यांच्या जोरावर गाणे मधल्या फळीतून वर सरकते, जिंकत नाही.

याचा पुरावा म्हणून मी नेहमी पोर्तुगालकडे बोट दाखवतो. पोर्तुगालची जमिनीची सीमा एकट्या स्पेनला लागून आहे, 1964 पासून हा देश भाग घेत होता आणि 2017 पर्यंत एकदाही जिंकला नव्हता. त्या वर्षी कीव येथे साल्वादोर सोब्राल आला. गाणे त्याची बहीण लुईझा सोब्राल हिने लिहिले आणि स्वरबद्ध केले होते, पोर्तुगीज भाषेत, तीनच्या संथ लयीत. इतर स्पर्धक मोठ्या मंचावर ज्वाळा आणि पंख्यांचा वारा घेऊन उभे होते; हा प्रेक्षकांमधल्या छोट्या चौथऱ्यावर एकटा उभा राहिला, अंगात सैल कोट, हाताची बोटे मात्र सुरांबरोबर हलणारी. त्याच्या हृदयाच्या दुखण्यामुळे सुरुवातीच्या तालमी बहिणीने त्याच्या जागी उभे राहून केल्या होत्या. परीक्षक आणि प्रेक्षक दोघांच्याही यादीत तो पहिला आला आणि 758 गुण मिळाले. 2025 पर्यंत तो उच्चांक कोणी मोडलेला नाही. दिखाव्याशिवाय गाणे चालत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हा एक दाखला देतो. मात्र प्रत्येक साधे गाणे असे चालेलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

संयोजक म्हणून मला या स्पर्धेतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती तीन मिनिटांची मर्यादा. गाणे तीन मिनिटांपेक्षा एक सेकंदही लांब चालत नाही, मंचावर सहापेक्षा अधिक माणसे चालत नाहीत, जिवंत प्राणी चालत नाहीत. मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायचे असते; वाद्ये मात्र ध्वनिमुद्रित असतात, म्हणजे गिटार घेऊन नाचणारा माणूस केवळ अभिनय करतो. मंचाशेजारी जिवंत वाद्यवृंद शेवटचा बसला तो 1998 साली बर्मिंगहॅममध्ये. 2021 पासून मागचे कोरसही मुद्रित वापरण्याची मुभा आहे आणि माझ्या मते या सवलतीने गाणी अधिक गुळगुळीत झाली, कारण समूहाचा आवाज जरासा डगमगण्याची शक्यता गेली की त्यातला जीवही थोडा जातो.

तीन मिनिटांत गाणे बांधायचे तर लांब प्रस्तावना परवडत नाही. मुखडा पहिल्या मिनिटाच्या आत ऐकू आला पाहिजे, दुसरा अंतरा आखूड करावा लागतो, आणि सव्वादोन मिनिटांच्या आसपास असे काहीतरी घडावे लागते की ऐकणाऱ्याने हातातला फोन खाली ठेवावा. पूर्वी त्या जागी सर्रास पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने वर नेत. ती युक्ती आता इतकी घासून गुळगुळीत झाली आहे की जाणकार हसतात. जेजेच्या 2025 मधील गाण्यात ही जागा कशी वापरली ते पाहण्यासारखे आहे. हा गायक व्हिएन्नाच्या ऑपेरात गायलेला, पुरुष असून स्त्रीच्या पट्टीत सहज फिरणारा काउंटरटेनर. चित्रण कृष्णधवल, वादळी समुद्रात एक नाव आणि तिच्यावर तो एकटा. सूर हळूहळू वर चढत राहतात, आणि शिखर आले असे वाटते त्याच क्षणी ऑपेराचा वाद्यवृंद बाजूला सरून टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा ठोका सुरू होतो. परीक्षकाला आवाजाची तयारी ऐकू येते, नाचणाऱ्या तरुणाला ठोका मिळतो. दोन्ही पेट्यांतून गुण काढणाऱ्या गाण्याचा हा उत्तम नमुना आहे.

परीक्षक प्रत्यक्ष काय करतात हेही अनेकांना ठाऊक नसते. ते थेट कार्यक्रमावर गुण देत नाहीत. आदल्या रात्री होणाऱ्या संपूर्ण रंगीत तालमीवर देतात. गायकाचा गळा शनिवारी कितीही लागला, तरी शुक्रवारी बसला असेल तर निम्मे गुण गेलेले असतात. 2025 पर्यंत प्रत्येक देशाचे पाच परीक्षक असत. आवाजाची क्षमता, मंचावरील सादरीकरण, रचनेची गुणवत्ता व नावीन्य आणि एकूण ठसा या गोष्टी पाहून प्रत्येकाने सर्व गाण्यांचा क्रम लावायचा असतो. 2018 पासून हे क्रम अशा सूत्राने एकत्र केले जातात की एकाच परीक्षकाने मुद्दाम एखाद्याला शेवटी टाकले, तरी त्याचा परिणाम मर्यादित राहतो. माझा स्वतःचा अनुभव असा की पंचवीस-सव्वीस गाण्यांत वरची चार आणि खालची चार लावणे सोपे असते. मधल्या गाण्यांचा क्रम आज एक लागतो आणि उद्या दुसरा. म्हणून सहावे की नववे यावरून होणाऱ्या वादांना मी फार किंमत देत नाही.

परीक्षक निर्मळ असतात असा मात्र माझा दावा नाही. 2022 मध्ये दुसऱ्या उपांत्य फेरीत अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रुमानिया आणि सॅन मारिनो या सहा देशांच्या परीक्षकांच्या गुणांत संशयास्पद साटेलोटे आढळले. आयोजक असलेल्या युरोपीय प्रसारण संघाने त्यांचे गुण रद्द करून त्याजागी अन्य देशांच्या कलावरून काढलेले गुण वापरले. पुढच्या वर्षीपासून उपांत्य फेऱ्या पूर्णपणे प्रेक्षकांच्या हवाली झाल्या.

मग लोलक दुसऱ्या टोकाला गेला. 2025 पर्यंत प्रेक्षकाला एका माध्यमातून 20 मते देता येत होती. त्यामुळे निर्धाराने मत देणारा छोटा गट विस्कळीत बहुसंख्येवर मात करू शकत होता, आणि इस्रायलच्या बाजूने सरकारी पाठबळाच्या जाहिराती चालल्याच्या बातम्यांनंतर स्पेनच्या प्रसारण संस्थेसह काहींनी मतदानाच्या तपासणीची मागणी केली. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम बदलले: मतांची कमाल मर्यादा 10 झाली, उपांत्य फेऱ्यांत परीक्षक परत आले, त्यांची संख्या पाचावरून सात झाली आणि त्यांत किमान दोघे 18 ते 25 वयाचे असावेत असे ठरले, सरकारे आणि त्रयस्थ संस्था यांच्या अवाजवी प्रचारालाही आळा घालण्याचे ठरले. डिसेंबरमध्ये जिनिव्हाच्या बैठकीत इस्रायलच्या सहभागावर वेगळे मतदान न घेता हेच बदल मंजूर झाले, तेव्हा स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि पाठोपाठ आइसलँड यांनी 2026 च्या व्हिएन्ना येथील स्पर्धेतून अंग काढून घेतले. सात वेळा जिंकून स्वीडनच्या बरोबरीने अग्रस्थानी असलेला आयर्लंड त्यांत असावा, हे स्पर्धेच्या दृष्टीने लहान नुकसान नव्हे. या भागाला संगीताचे कोणतेही निकष लागू पडत नाहीत आणि गुणपद्धती कितीही बारकाईने घडवली तरी हा वाद तिच्याने सुटणारा नाही.

प्रश्नात भारताचाही उल्लेख होता. युरोव्हिजनमध्ये भारत नाही, कारण त्यासाठी देशाची प्रसारण संस्था युरोपीय प्रसारण संघाची सदस्य किंवा निमंत्रित असावी लागते. सप्टेंबर 2025 मध्ये मॉस्कोत पुनरुज्जीवित झालेल्या इंटरव्हिजन स्पर्धेत मात्र भारताने भाग घेतला. तेथे प्रेक्षकांचे मतदान नव्हते, विजेता केवळ आंतरराष्ट्रीय परीक्षकांनी ठरवला आणि तो मान व्हिएतनामला मिळाला.

पुढच्या वेळी अंतिम फेरी पाहून झाल्यावर एकूण बेरजेवर थांबू नये. संघ प्रत्येक देशाचे परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे प्रसिद्ध करतो. आपल्या आवडत्या गाण्याला किती देशांतून गुण मिळाले आणि किती देशांतून शून्य, हे दोन्ही रकान्यांत मोजावे. तीस देशांतून चार-चार गुण मिळवणारे गाणे आणि दहा देशांतून बारा-बारा मिळवणारे गाणे यांची बेरीज 120 च होते, पण पहिल्याच्या बाजूने बहुधा परीक्षक असतात आणि दुसऱ्याच्या बाजूने बहुधा चाहते.